आठ झाली, सहा आहेत

रविवार, रात्री उशिरा

सासरच्या एका जुन्या, विसरलेल्या मुलाबद्दल सांगायला सासूबाईंना फोन केला तेव्हा वाटलं होतं, ऐकून त्या क्षणभर तरी थांबतील. त्या म्हणाल्या, "त्या काळी असंच असायचं. पोरं जायची. लोकांना सवय असायची." आणि लगेच कुटुंबाच्या जुलैतल्या जमण्याला खुर्च्या किती लागतील त्यावर आल्या. त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. ऐंशीच्या पुढच्या बाईने काय काय मनाला लावून घ्यायचं? पण दुपारपासून ते वाक्य जात नाहीये. सवय असायची. कुणाला असायची?

सगळं सुरू झालं ते नवऱ्याच्या पणजोबांच्या जन्मतारखेवरून. ती कुठेच अडत नव्हती, 1863, अमेरिकेतलं विस्कॉन्सिन, कॉशकोनाँग. चर्चच्या वहीत तेच, थडग्याच्या दगडावर तेच. आणि मग नॉर्वेतल्या सोग्नमधल्या विक गावच्या चर्चची वही उघडली. गाव सोडून जाणाऱ्यांची यादी पाद्री वेगळी ठेवायचे. 1861 च्या वसंतातलं पान. खापरपणजोबा, खापरपणजी, चार वर्षांची मुलगी आणि तिच्याखाली पणजोबांच्याच नावाचा मुलगा, वय दीड वर्ष. शेवटच्या रकान्यात चौघांनाही मिळून एकदाच लिहिलेलं, अमेरिका.

जन्माच्या दोन वर्षं आधी पणजोबा बोटीत कसे चढले? नणंदेने तिच्या वंशावळीच्या झाडात ही "पाद्र्याची चूक" म्हणून कधीच निकालात काढली आहे. मलाही तसंच मानून पुढे जाता आलं असतं. पण ज्या पाद्र्याने खापरपणजीला देवीची लस कोणत्या तारखेला टोचली तेसुद्धा तिच्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये श्रद्धा जाहीर करण्याच्या विधीच्या, ओळीत नोंदवलंय (लस नसेल तर कन्फर्मेशन नाही, असा तिथला कायदाच होता), त्या वह्यांमध्ये एक आख्खं मूल चुकून कसं येईल?

म्हणून मागे गेले. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने डिजिटालआर्किवेट या संकेतस्थळावर या वह्या सगळ्यांना फुकट पाहायला ठेवल्यात. अक्षर गॉथिक वळणाचं, आबांच्या दप्तरातल्या मोडीसारखं, आधी नुसत्या रेघोट्या आणि मग अचानक एक शब्द सुटतो आणि ओळ उलगडते. आडनावाने शोधायची सोय नाही, कारण आडनावच नाही. ओलेचा मुलगा ओल्सेन, ओलेची मुलगी ओल्सदात्तर, आणि मागे ज्या शेतावर राहतात त्या शेताचं नाव. शेत बदललं की नावही बदललं. कायमची आडनावं 1923 च्या कायद्याने आली, तोवर आपली माणसं जाऊन साठ वर्षं झाली होती. खापरपणजोबांचं स्वतःचं शेत नव्हतंच. दुसऱ्याच्या जमिनीच्या कडेला खोपट, आणि त्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचं. म्हणून शेताचं नाव धरून, एकेक पान करत, 1859 च्या ऑक्टोबरात तो सापडला. बाप्तिस्म्याची ओळ पूर्ण आहे. नाव, औरस असल्याची खूण, आई, बाप, पाच साक्षीदार. पाच माणसं त्याच्यासाठी चर्चमध्ये उभी राहिली होती.

म्हणजे तो होता. चूक नव्हती.

आणि पुढे तो कुठेच नाही. विकच्या दफनाच्या पानांत नाही, म्हणजे तिथून निघाला तो जिवंत. कॉशकोनाँगच्या दफनात नाही. 1870 च्या अमेरिकन जनगणनेत मुलगी तेरा वर्षांची, आणि तिच्याखाली त्याच नावाचा मुलगा, सात वर्षांचा. मधला प्रवास बर्गनहून क्वेबेकपर्यंत शिडाच्या जहाजाने, सहा ते दहा आठवडे. बर्गनच्या पोलिसांची परदेशी जाणाऱ्यांची नोंदवही 1874 पासूनची आहे, क्वेबेकच्या प्रवासी याद्या 1865 पासूनच्या. 1861 त्या दोन्हींच्या आधी पडतं. जहाजावर गेला असेल तर पाण्यातच सोडला असेल. क्वेबेकच्या आधी ग्रोस इल बेटावर आजारी लोकांना उतरवून घेत, तिथे गेला असेल तर तिथेच राहिला असेल. हे लिहितानाही हात थांबतोय.

मला कळतं की त्यांच्यात हा रिवाजच होता. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव. ते मूल गेलं तर पुढच्याला पुन्हा तेच, कारण आजोबांचं नाव पडायला नको. आमच्याकडे याच्या नेमकं उलट. आजीची दोन मुलं पाठोपाठ गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं, म्हणजे नेणाऱ्याला त्याची किंमत वाटू नये. माझ्या काकांनी ऐंशी वर्षं ते नाव वागवलं आणि त्यामागची दोन मुलं घरात कुणी विसरू शकलं नाही. पण इकडे? खापरपणजीने दारातून हाक मारली की तिला कोण ऐकू यायचं? की हाक फक्त विकमध्ये मागे राहिलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांच्या नावाची होती, आणि तसंच मानून ती निभावून नेत होती? हाच एक प्रश्न मी फिरून फिरून विचारतेय आणि उत्तर देणारं कुणी नाही.

खरं सांगायचं तर संध्याकाळी रडूच आलं. याला सांगितलं तर याने "ओह" म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि बर्फ काढायला गेला. याचंच रक्त, याच्याच घरचं मूल, आणि रात्री वह्या चाळत बसायची मी, जिच्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव सांगणारं आता कुणी उरलं नाही. आईला विचारायचं राहिलं ते राहिलंच. त्यावर आज नको.

जमिनीचे कागदही आज परत काढले. विस्कॉन्सिननंतरचे, मिनेसोटातल्या माँटेव्हिडिओजवळचे ते 160 एकर, 1862 च्या होमस्टेड कायद्याखालचे. पाच वर्षं राहून, कसून दाखवायचं, मग पट्टा. साक्षीला दोन शेजारी. ओंडक्यांचं घर, चौदा बाय अठरा फूट, एक दार, दोन खिडक्या, एक विहीर, गोठा. नांगराखाली आलेली जमीन किती तेही. 1873 ते 1877 टोळ आले, तरी ते हलले नाहीत. सासूबाई दरवर्षी जमण्यात हे सगळं अभिमानाने सांगतात आणि अभिमान वाटावा असंच आहे. त्याच मुलखातून 1863 मध्ये तिथल्या मूळच्या डकोटा लोकांना हाकलून दिलं होतं, त्याच्या आदल्या डिसेंबरात मँकेटोला त्यांच्यातल्या अडतीस जणांना एका वेळी फाशी दिली होती. हे जमण्यात कुणी बोलत नाही. मीही अजून बोललेले नाही.

मग झोप येईना म्हणून 1900 ची जनगणना उघडली. तोवर खापरपणजी विधवा, मुलाच्या, म्हणजे पणजोबांच्याच घरात राहणारी. त्या वर्षी बायकांसाठी दोन जास्तीचे रकाने होते, किती मुलांची आई आणि त्यातली हयात किती. ओळीवर बोट ठेवून सरकत गेले.

आठ. सहा.

नणंदेच्या झाडात सात मुलं आहेत. त्यातली एक मुलगी लहानपणी घटसर्पाने गेली, तिचा दगड आहे, तिला धरून सातातली सहा उरतात. मग आठवं मूल कोणतं? किती वेळ नुसती त्या आकड्यांकडे बघत बसले. आजी अशीच सांगायची, "मला सात झाली, चार राहिली," भाजी निवडता निवडता, आणि आम्ही पोरं पुढे काही विचारायचो नाही.

एकोणचाळीस वर्षांनी, मिनेसोटातल्या शेतावर, दारात आलेल्या सरकारी माणसाला तिने आठ सांगितलं. किंवा तिने सांगितलंच नसेल. घरातलं कुणीही उत्तर देऊ शकत असे. मग दारात पणजोबा उभे असतील, आणि आठ म्हणाले असतील ते. म्हणजे त्यांना ठाऊक होतं की आपल्या आधी आपल्याच नावाचा एक होता. मला आधी वाटलं होतं, दोन्हीतलं खरं काय ते कळायलाच हवं. आता तसं वाटत नाही. दोन्हीपैकी काहीही असो, तो मोजला जात होता. सवय झाली असेलही, रोजच्या कामाला लागल्या असतील बायका, न लागून सांगतात कुणाला. पण आकडा सोडला नव्हता.

नणंदेला आत्ताच मेल केला. झाड छापायला शुक्रवारी जातंय आणि ज्याचा वंश पुढे गेला नाही त्याला जागा नाही, असं तिने ठरवलंय. घटसर्पाच्या मुलीला मात्र जागा आहे, कारण दगड आहे. मी लिहिलं की थोरल्या मुलीच्या आणि पणजोबांच्या मधे एक ओळ हवी. जन्म ऑक्टोबर 1859, विक, सोग्न. मृत्यू 1861 ते 1863 च्या दरम्यान. तिचं उत्तरही लगेच आलं, एकाच नावाच्या दोन ओळी पाहून लोक गोंधळतील म्हणते. गोंधळू देत की. जुलैला मी 1900 चं ते पान मोठं छापून नेणार आहे, विचारतील त्यांना दाखवीन.