मिणमिणते दिवे आणि मीटर

जांबोटीच्या पावसात भिजून आलेल्या आमच्या कॅम्पर व्हॅनचे आतले दिवे कंदिलासारखे मिणमिणायला लागले. बॅटरीच बदला, हा घरादाराचा सल्ला! बेळगावच्या उद्यमबागेतल्या इलेक्ट्रिशियन काकांनी आधी मीटर लावला. दिवे चालू असतानाही बॅटरीवर 12.5 व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. दिव्याच्या दोन टोकांत मात्र जेमतेम 10.4. मग मीटरचा निगेटिव्ह प्रोब (टोकदार वायर) दिव्यावरून काढून थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकवला, तर आकडा पुन्हा 12.3!

“करंट जातोय की हो, परतीची वाट अडलीय,” काका म्हणाले.

दिव्यांची परतीची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, सीटखालचा अर्थिंगचा बोल्ट काढला. पत्र्यावर तांबूस गंज, वायरच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला) हिरवा कळंक. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस. (बरेच जण नुसता बोल्ट आवळतात, गंज आत तसाच.) आता लख्ख उजेड. नव्या बॅटरीचे पैसे वाचले, चोर्ला घाटाची ट्रिप पक्की!