इन-हाउस नोकरी: स्टार्टअप की मोठी कंपनी?

रविवार, पुणे

वकिलाने कंपनीतली पगारी म्हणजे इन-हाउस नोकरी धरताना खराडीतली मोठी कंपनी घ्यावी की बाणेरचा स्टार्टअप, हे ठरवताना आधी पगाराचा आकडा बघितला जातो. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. मी केलेला कराराचा ड्राफ्ट माझ्यानंतर कोण वाचणार?

मोठ्या कंपनीत तो सीनिअर वाचतो, इन्डेम्निटीला, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून द्यायच्या हमीला, मर्यादा का नाही म्हणून परत पाठवतो, आणि त्यातूनच हात बसतो. छोट्या स्टार्टअपमध्ये लीगल टीम म्हणजे बहुधा तुम्ही एकटेच. चूक कळते ती समोरच्याची नोटीस आल्यावर, नाहीतर पुढच्या गुंतवणूकदाराचे वकील कागद तपासायला बसल्यावर. तीन वर्षांहून कमी अनुभव असेल तर माझा कौल मोठ्या कंपनीला. फक्त तिथे वर्षानुवर्षं एनडीए (गोपनीयतेचे करार) आणि व्हेंडरचे करार एवढंच हाती राहू शकतं, म्हणून कामाची वाटणी कशी होते ते मुलाखतीतच विचारून घ्यावं. नोटीस पिरियडही बघावा, ९० दिवसांचा असेल तर पुढची नोकरी धरताना अडचण होते.

पाच-सहा वर्षं झालेल्याला मात्र स्टार्टअप खूप काही देतो. भरणा भांडवल, म्हणजे भागधारकांनी शेअरपोटी भरलेली रक्कम, १० कोटींच्या खाली असेल तर खासगी कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी (कंपनी कायद्याची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी) नेमायची सक्ती नाही, त्यामुळे ते कामही वकिलाकडेच येण्याची शक्यता असते. प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना शेअर देऊन, फंडिंग आलं की पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ (कंपनी निबंधकाकडे द्यायचं वाटपाचं विवरण), आणि परदेशी पैसा असेल तर शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर (रिझर्व्ह बँकेला द्यायची माहिती). पीएएस-३ दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पगाराची तारीख जवळ आली की संस्थापक नेमका तिथेच घाई करतो, आणि ‘थांबा’ म्हणायची जबाबदारी तुमची. ते ऐकून घेणारा माणूस आहे का, हे त्याच्याशी तासभर बोलून बघावं.

रुजू होण्याआधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे ताळेबंद उघडावेत. शिल्लक रोकड किती महिने पुरेल ते थेट विचारावं. वकिलाने विचारलेला हा प्रश्न ज्यांना खटकतो, तिथे पुढेही कठीणच.

ईसॉपबद्दल, म्हणजे ठरलेल्या किमतीत कंपनीचे शेअर घ्यायचे जे पर्याय कर्मचाऱ्याला मिळतात त्यांबद्दल, तर फारच भाबडेपणा दिसतो. पर्याय दिल्यापासून पहिलं वर्ष काहीच व्हेस्ट होत नाही, म्हणजे पर्याय वापरायचा हक्क मिळत नाही, तो नियमच आहे. समजा १,००० पर्याय, एक्सरसाइज किंमत (शेअर घेताना तुम्ही भरायची रक्कम) शेअरमागे १० रुपये आणि त्या दिवशी शेअरचं मूल्य ५०० रुपये. शेअर घेताच ४,९०,००० रुपये पगारात धरले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये दीड लाखाच्या आसपास कर, आणि शेअर विकायला बाजार नाही. हा कर पुढे ढकलायची सवलत फक्त आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना मिळते. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाकडची स्टार्टअप म्हणून नोंदणी त्याला पुरत नाही, आणि नोकरी सोडली की १४ दिवसांत तो कर देय होतो. राजीनाम्यानंतर पर्याय वापरायला किती दिवस मिळतील, हे ऑफर लेटरमध्ये सहसा नसतं. ईसॉप योजनेची प्रत मागून घ्यावी.

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, दोन्हीकडे सारखंच. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही, म्हणून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती परीक्षा मनात असेल, तर आधी शिवाजीनगर कोर्टात तेवढी वर्षं काढावीत आणि मगच ऑफर लेटरवर सही करावी.