‘ओवा म्हणजे काय हो?’
काकांचं किराणा दुकान. वय ५९. ‘बाबा विसरायला लागलेत’ म्हणून मुलगा त्यांना माझ्याकडे स्पीच थेरपीसाठी घेऊन आला. पण काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या गल्लीतल्या सात घरांची उधारी सांगितली. मुलानं वही काढून ताडून पाहिली, एका रुपयाचा फरक नव्हता. मग चित्रं दाखवली. घोडा? ‘कुत्रा.’ शेळी? ‘कुत्राच की.’

पुढच्या खेपेला काकूंना दुकानातल्या चार बरण्या आणायला सांगितल्या. पहिल्या बरणीवरची चिठ्ठी काकांनी खणखणीत वाचली, ‘ओवा’. झाकण उघडलं, चिमूटभर तळहातावर घेतला, वास घेतला. मग अगदी सरळ चेहऱ्यानं मला विचारलं, ‘ओवा म्हणजे काय हो?’

तीस वर्षं ओवा विकलेला माणूस. माझ्या अंगावर काटा आला.

देवनागरी जशी लिहिली तशी वाचता येते, अर्थ कळो न कळो. इंग्रजीत विचित्र स्पेलिंगच्या शब्दांपाशी असा माणूस लवकर अडखळतो. मराठीत वाचन सुरळीत राहतं आणि घरचे फसतात. एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, पुढचा भाग आकसलेला दिसला. न्यूरॉलॉजिस्टनी निदान केलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा, म्हणजे मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग झिजवणाऱ्या आजाराचा, सिमँटिक (अर्थ हरवण्याचा) प्रकार. प्रागमध्ये डॉक्टर अर्नॉल्ड पिक यांनी १८९२ साली अशाच भाषा हरवत गेलेल्या रुग्णाची नोंद केली होती. अल्झायमरमध्ये बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. इथे आठवणी बऱ्याच टिकतात, आकडेही टिकतात, आधी जातो तो शब्दांचा अर्थ.

काकूंचं दुखणं वेगळंच होतं. मुलगा बाहेर गेल्यावर त्या बोलल्या. ‘माझा भाऊ गेला. तेराव्याला बहीण रडत होती आणि हे पंगतीत अजून लाडू द्या म्हणून ओरडत होते. तेव्हापासून मी माहेरी गेले नाही.’ दुकानातला गूळही दिवसभर तोंडात. एका ठिकाणी नैराश्य म्हणून वर्षभर गोळ्या चालल्या, नातेवाईक म्हणाले माणूस बेशरम झाला.

मी त्यांना सांगितलं, काकू, ते मुद्दाम नाही करत. समोरच्याचं दुःख ओळखायचं, स्वतःला आवरायचं, हे मेंदूच्या ज्या भागांचं काम, तेच या आजारानं धरलेत. गोडाची हावही त्यातलीच. आजार थांबवणारं औषध आज नाही, हेही सांगावं लागलं. अल्झायमरच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत, उलट कधी चिडचिड वाढवतात.

नुसत्या चिठ्ठ्या चिकटवून भागणार नव्हतं, त्या तर काका वाचतच होते. आम्ही घरातले दहाच शब्द निवडले. रोज तीच वस्तू हातात द्यायची, तिचं नाव घ्यायचं, ती वापरून दाखवायची. सराव चालू आहे तोवर असे शब्द काही काळ टिकतात. बरण्यांच्या जागा हलवायच्या नाहीत. गूळ कुलपात.

निघताना काकूंनी ओव्याची बरणी पिशवीत ठेवली आणि बाहेरच्या बाकावर बसून बहिणीला फोन लावला. काका शेजारी बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे एकटक बघत होते. चारला त्यांचा चहा असतो.