‘अ’, ‘द’ आणि निवडलेले तांदूळ

चाकणच्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागलो, तेव्हा माझे इंग्रजी पाचवीपासूनचे होते. मराठी शाळांत ते पहिलीपासून 2000 साली सुरू झाले, तोवर माझी दहावी होऊन गेली होती. यंत्रांच्या नोंदी मात्र मुख्य कार्यालयाला इंग्रजीतच कळवाव्या लागत. एकदा सकाळी मी ‘अ पंप हॅज स्टॉप्ड’ असे लिहिले आणि दुपारी ‘अ पंप हॅज स्टार्टेड’. लगेच फोन आला: दुसरा चालू झाला ते समजले, पण सकाळी बंद पडलेल्याचे काय? पंप एकच होता.

शाळेतला ‘स्वराआधी अ‍ॅन’ हा नियम मला पाठ होता, पण तोही अर्धवट, कारण तिथे स्पेलिंग नव्हे, उच्चार पाहायचा असतो: ‘अ‍ॅन अवर’, ‘अ‍ॅन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘द’ कधी लावायचे हे व्याकरणातल्या व्याख्येवरून मला कधीच उमगले नाही; ते उमगले मराठीवरून. ‘आम्ही मुलगा शोधतोय’ असे उपवर मुलीचे वडील म्हणतात आणि ‘आम्ही मुलाला शोधतोय’ असे जत्रेत पोर हरवलेले आईबाप म्हणतात. पहिल्या वाक्यातला मुलगा अजून कोणीच नाही, दुसऱ्यातला ठरलेला आहे. मराठीत ‘अ’, ‘द’सारखे उपपद नसले तरी हा भेद आपण एका ‘ला’ने रोज करतो, हे ध्यानात आल्यावर मी प्रत्येक नामापाशी थांबून, वाचणाऱ्याला ‘कोणता?’ असे विचारावे लागेल का, एवढेच स्वतःला विचारू लागलो. विशेषनामांना हा उपाय लागू पडत नाही. ‘द गोदावरी’, ‘द सह्याद्री’, पण कळसूबाई नुसतेच, हे निमूटपणे पाठ करावे लागले.

अनेकवचनाने अधिक छळले. ‘चाइल्ड’चे ‘चिल्ड्रन’ होते, हे घोकून येते. पण एखादी वस्तू मोजायची की नाही, हेच दोन्ही भाषांनी वेगवेगळे ठरवलेले आहे. आपण तांदूळ निवडतो तेव्हा ‘ते निवडले’ म्हणतो, आपले केस गळतात, पोहे तर कधी एकवचनात येतच नाहीत. इंग्रजीत ‘राइस’ आणि डोक्यावरचे ‘हेअर’ दोन्ही एकवचनीच. उलट आपली कात्री एक, विजारही एक, आणि इंग्रजीत मात्र ‘सिझर्स’ व ‘ट्राउझर्स’. माझ्या अहवालांत ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ इतक्या वेळा आले की साहेबांनी त्या दोन ‘एस’भोवती लाल गोल काढून कागद माझ्या टेबलावर ठेवला. तो कागद मी वहीत चिकटवला आणि त्याखाली अशा शब्दांची यादी सुरू केली. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘अ‍ॅडव्हाइस’ करत ती आता तिसऱ्या पानावर आहे. गेल्या आठवड्यात तिच्यात ‘मशिनरी’ची भर पडली, आणि हा शब्द मी वर्षानुवर्षे ‘मशिनरीज’ असा लिहीत आलो होतो.