बायकांसाठी वेगळं मासिक कशाला?

अरब लेखिकांविषयी बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: चांगलं लिहिणारीला कुठेही जागा मिळालीच असती, मग बायकांचं वेगळं मासिक कशाला हवं होतं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जागा मिळणं पुढची गोष्ट. आधी लेख पाठवायचं धाडस व्हायला हवं ना!

२० नोव्हेंबर १८९२ रोजी अलेक्झांड्रियात हिंद नौफल या सीरियन ख्रिस्ती घरातल्या तरुणीने ‘अल-फतात’ काढलं. बाईने बायकांसाठी काढलेलं हे पहिलं अरबी मासिक. पहिल्याच अंकात तिने वाचक बायकांकडे लेख मागितले आणि वर दिलासाही दिला, की मासिकात लिहिल्याने बाईच्या अब्रूला बाध येत नाही. त्या अंकातलं मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. अडतंय कुठे, हे हिंदला नेमकं कळलं होतं. मिशनच्या शाळांतून, घरच्या शिकवण्यांतून लिहित्या मुली तयार होत होत्या, पण आपलं नाव परक्या पुरुषांच्या हाती पडणार, ही धास्ती मोठी होती. कित्येकजणी टोपणनावाने किंवा नुसत्या आद्याक्षरांनी लिहीत. (आपल्याकडे १९३३ मध्येसुद्धा बाळूताई खरे यांना ‘विभावरी शिरूरकर’ व्हावं लागलंच की.)

हिंदचं लग्न झालं आणि दोनेक वर्षांत ‘अल-फतात’ बंद पडलं. पण त्यात लिहिणाऱ्या झैनब फव्वाझकडे पाहा. दक्षिण लेबनॉनमधल्या तिब्नीनची, गरीब शिया घरातली मुलगी. मोठ्या घरी कामाला राहिली, तिथल्या मालकीणबाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे इजिप्तमध्ये १८९४ साली तिचा ४५० च्या आसपास स्त्रियांचा चरित्रकोश प्रसिद्ध झाला! ती पुरुषांच्या वृत्तपत्रांतही लिहायची, हे खरं. पण झैनबइतकी खमकी प्रत्येकजण नसते. पहिल्यांदाच चार ओळी लिहून पाठवणारीला समोर संपादक म्हणून बाई असणं फार मोठा आधार होता.

कैरोत लबीबा हाशिम यांनी १९०६ मध्ये ‘फतात अश-शर्क’ सुरू केलं, ते तीस वर्षांहून अधिक चाललं. त्यात नामवंत स्त्रियांची चरित्रं नेमाने येत. आपल्याआधीही कुणीतरी लिहून गेलंय, हे नव्या मुलीला त्यातून कळे. दमास्कसमध्ये मारी अजमी यांचं ‘अल-अरूस’ १९१० मध्ये निघालं, महायुद्धात बंद पडलं, त्यांनी ते पुन्हा उभं केलं. बगदादला १९२३ मध्ये पॉलिना हस्सून यांचं ‘लैला’ आलं.

या मासिकांत घरकाम आणि मुलांचं संगोपन फार, अशी नाकं मुरडली जातात. मला ते मुळीच पटत नाही. संसाराच्या गोष्टी असलेलं मासिक घरात यायला कुणाची आडकाठी नसायची, आणि त्याच अंकात मुलींच्या शिक्षणावरचा लेखही असायचा. माजघरात बसून ही दोन्ही पानं वाचणाऱ्या बाईला त्यांत विसंगती वाटली असेल, असं मला तरी वाटत नाही.