पपनसाचे सरबत आणि गायकवाडांची भाऊबंदकी

रहस्यकथेत रक्ताचे पाट वाहू नयेत, अशी माझी वाचक म्हणून साधी अपेक्षा असते. एखादे जुने श्रीमंत घर असावे, वारशावरून धुमसणारी भाऊबंदकी असावी, सगळे संशयित एकाच छपराखाली वावरणारे असावेत आणि गुन्हेगार पाठलाग करून नव्हे, तर कोण कधी कोठे होते याचा हिशेब मांडून सापडावा. अशा घरगुती रहस्यकथा इंग्लंडातल्या खेड्यांतच शोभतात, असे आपल्याकडे अनेक जण मानतात. मी बडोद्यात राहतो, त्यामुळे मला हे पटत नाही. या प्रकारातले एक अस्सल कथानक १८७४ साली याच शहरात घडले आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की त्यात कोणीही मेले नाही.

आधी बडोद्याच्या गायकवाडांच्या घराविषयी सांगावे लागेल, कारण इंग्रज रेसिडेंटाला, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, दिला गेलेला विषाचा पेला या घराच्या इतिहासाशिवाय समजत नाही. १८५६ ते १८७० या काळात खंडेराव महाराज गादीवर होते. 'स्टार ऑफ द साउथ' हा जगप्रसिद्ध हिरा विकत घेणारे आणि मोत्यांचा गालिचा विणवून घेणारे ते हेच. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव यांच्यावर खंडेरावांच्या जिवावर उठल्याचा आरोप आला आणि १८६३ पासून त्यांना बडोद्याजवळच्या पादरा गावी बंदिवासात ठेवण्यात आले. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव वारले, त्यांना मुलगा नव्हता, आणि कैदेतला भाऊ थेट गादीवर येऊन बसला. परंतु खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांना पायउतार व्हावे लागले असते. वाड्यात आपल्याला विषप्रयोग होईल या धास्तीने जमनाबाईंनी रेसिडेन्सीचा, म्हणजे इंग्रज रेसिडेंटाच्या निवासाचा, आश्रय घेतला. १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी टिकली.

पुढे १८७४ च्या मे महिन्यात मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले. रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांनी या लग्नाला हजर राहण्याचे नाकारले. ऑक्टोबरमध्ये लक्ष्मीबाईंना मुलगा झाला, तेव्हा हा मुलगा गादीचा औरस वारस मानायचा की नाही, हा प्रश्न उभा राहिला. चार वर्षांत दुसऱ्यांदा बडोद्याच्या गादीचा निकाल बाळंतिणीच्या खोलीशी येऊन अडकला होता. कोणत्याही कादंबरीकाराने याहून चांगली पार्श्वभूमी रचली नसती.

आता तो पेला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी कर्नल फेअर फिरून परत आले. त्यांच्यासाठी रोज पपनसाच्या रसाचे सरबत करून ठेवण्याची पद्धत होती आणि ते त्यांच्या खोलीत ठेवलेले असे. त्यांनी दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून उरलेले सरबत बाहेर व्हरांड्यात फेकून दिले. थोड्या वेळाने मळमळू लागले. पेला पाहिला तर तळाशी गाळ बसलेला होता. त्यांनी रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावून तो गाळ दाखवला. सीवर्ड यांना त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, असल्याचा संशय आला, मुंबईचे सरकारी रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनी तो खरा ठरवला, आणि शिवाय त्यात हिऱ्याची पूड असल्याचेही सांगितले.

या दोन पदार्थांपाशी मी नेहमी रेंगाळतो. सोमल थंड पाण्यात फार सावकाश विरघळतो, म्हणूनच तो तळाशी बसला आणि पकडला गेला. विषाची थोडीफार जाण असलेल्या माणसाने तो गरम पेयात घातला असता. हिऱ्याची पूड तर पचनसंस्थेत विरघळतच नाही. हिरकणी गिळून प्राण देण्याची कल्पना आपल्या कथा-कहाण्यांत खोलवर रुजलेली आहे, पण शास्त्राच्या दृष्टीने हिरा हे विष नव्हे. तेव्हा ही पूड पेल्यात घालणारा एक तर त्या जुन्या समजुतीवर भाबडेपणाने विसंबला असावा, किंवा पेला तपासला जाईल तेव्हा तपासणाऱ्याचे लक्ष जवाहिरखाना बाळगणाऱ्या घराकडे वळावे, अशी कोणाची तरी इच्छा असावी. गरीब नोकराच्या खिशात हिऱ्याची पूड येणार कोठून?

तपास मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे आला. डिसेंबर अखेरीस रेसिडेन्सीतील शिपायांचा हवालदार रावजी याने माफीच्या आश्वासनावर कबुली दिली. त्यापाठोपाठ नरसू जमादारानेही दिली आणि नंतर त्याने विहिरीत उडी घेतली. त्याला वाचवण्यात आले. मल्हाररावांचे खाजगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. त्याच सुमारास रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. विष घातल्यावर दीड महिना उलटला, साऱ्या रेसिडेन्सीत चौकशी चालू आहे, आणि हा गृहस्थ पुरावा कमरेच्या पट्ट्यात तसाच बाळगून हिंडतो आहे! रहस्यकथेच्या वाचकाने असे प्रकरण वाचले, तर लेखकाने घाई केली असे तो म्हणेल.

जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीला चौकशी कमिशन बसले. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाईन हे नामांकित वकील आले. त्यांनी पुडी मुद्दाम ठेवली गेली असल्याचा संशय व्यक्त करून पोलिसांना बरेच कोंडीत पकडले. हिरे विकल्याचा जबाब ज्याच्या नावावर होता, तो जवाहिऱ्या हेमचंद फतेहचंद कमिशनसमोर आपल्या जबाबावरून फिरला. परंतु सर्वांत जोरकस मुद्दा तारखेचा होता. २ नोव्हेंबरला, म्हणजे सरबताच्या प्रसंगाच्या एक आठवडा आधी, मल्हाररावांनी फेअर यांची बदली करावी असा खलिता व्हाइसरॉयकडे रवाना केलेला होता. ज्याने राजरोस तक्रार करून ठेवली आहे, तो उत्तर येण्यापूर्वीच विषाच्या वाटेला का जाईल? अर्थात मल्हाररावांच्या स्वभावाबद्दल जे नोंदले गेले आहे ते पाहता, त्यांनी धीर धरला असेलच अशी ग्वाही मी देणार नाही. त्यांच्या कारभाराचे समर्थन करणे मला तरी शक्य नाही.

कमिशनमध्ये सहा जण होते. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेल्व्हिल या तिघा इंग्रजांनी महाराजांवर दोष ठेवला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. मत बरोबर निम्मे-निम्मे पडले. सरकारने त्यावर शोधलेला मार्ग असा, की एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण विषप्रयोगाचे न देता गैरकारभाराचे दिले. १८८२ मध्ये ते मद्रासला नजरकैदेतच वारले. पेल्यात सोमल कोणी घातला, हा प्रश्न कायद्याने अधांतरीच राहिला.

दांडिया बाजाराजवळच्या तांबेकर वाड्यात गेलो की मला यावर कादंबरी लिहिण्याची हुक्की येते. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आहे आणि त्याच्या भिंतीभर चित्रे आहेत. चोरून कोणाचे बोलणे ऐकायला याहून सोयीची जागा मिळणार नाही. मात्र तेथे एक अडचण उभी राहते. 'फायदा कोणाचा झाला?' हा या साहित्यप्रकारातला पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उघड उत्तर जमनाबाईंकडे बोट दाखवते. मे १८७५ मध्ये त्यांनीच कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेतले आणि तोच मुलगा पुढे सयाजीराव महाराज झाला. कागदावर हा शेवट झकास दिसेल, पण त्या बाईंविरुद्ध कसलाही पुरावा नाही आणि ज्या माउलीने स्वतः विषाच्या भीतीने घर सोडले, तिच्याच माथी विष मारणे मला रुचत नाही. त्यामुळे माझ्या गोष्टीतला गुन्हेगार रेसिडेन्सीच्या आतलाच असेल, हिऱ्याची पूड त्याला कोणी तरी आणून दिलेली असेल, आणि हे सगळे उलगडणारे पात्र मी दिनकररावांवर बेतणार आहे, कारण ग्वाल्हेरचा कारभार चालवलेल्या या दिवाणाला कोणता नोकर कोणाच्या तोंडाने बोलतो, हे कोणत्याही इंग्रज न्यायाधीशापेक्षा चांगले कळत असणार.