३ नॉटांचा वारा

डिसेंबरात नागपूरला सकाळचं धुकं उठलं की दोन-अडीच तास फार सुंदर मिळतात. हवा स्थिर, लांबवर दिसतंय, वारा असून नसल्यासारखा. मी विमान चालवायला शिकवते; सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायच्या टप्प्याला, आलेल्या मुलांची लँडिंगं मी शक्यतो याच वेळात घेते. त्या दिवशी डावीकडच्या सीटवर चंद्रपूरची एक मुलगी होती. हात हलका, डोकं शांत. विमान सेसना १५२, म्हणजे माणसं आणि इंधन धरून जास्तीत जास्त ७५७ किलो.

सोनेगावचा, म्हणजे नागपूर विमानतळाचा, रनवे एकच, आणि तो फक्त शिकणाऱ्यांचा नाही. प्रवासी विमानंही त्याच्यावरच उतरतात. त्यामुळे ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’ (सावधान, पुढच्या विमानामागे हवेत भोवरे आहेत) हे टॉवरचे शब्द आमच्या मुलांच्या कानावर रोज पडतात. रोज पडतात म्हणूनच मला त्यांची काळजी वाटते. ऐकून ऐकून इशाऱ्याची धार जाते.

आम्ही डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेनं जात असताना, फायनलवर, म्हणजे रनवेकडे सरळ येण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, एअरबस ए३२१ दिसलं. हे विमान ९० टनांहून जास्त वजनाचं असू शकतं. टॉवरनं विचारलं, तिनं ‘ट्रॅफिक इन साइट’, म्हणजे ते विमान दिसतंय, असं सांगितलं. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या छोट्या विमानानं असं सांगून मोठ्याच्या मागे उतरायचं ठरवलं, की टॉवर अंतर मोजून देत नाही. तो सावध करतो, पुढचं पायलटनं बघायचं.

“आता काय करशील?” मी विचारलं.

“मॅम, त्याच्या वाटेच्या वरून येईन. तो जिथे टेकेल, त्याच्या पुढे टेकवेन.”

उत्तर बरोबर होतं. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. टोकाशी हवा खालून वर वळते आणि दोन्ही टोकांमागे एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे सुटतात. विमान जितकं जड आणि हळू, तितके ते जोरकस. ते मिनिटाला ३०० ते ५०० फूट या गतीनं खाली बसतात, म्हणून वरून यायचं. चाकं टेकून पंखांवरचा भार उतरला की भोवरे तयार व्हायचे थांबतात, म्हणून पुढे टेकायचं. रनवे ३ किलोमीटरहून लांब आहे, सेसनाला उरलेला भागही पुष्कळ होतो.

पण ए३२१ टेकलंच नाही. त्याच्या पुढचं विमान वेळेत रनवेबाहेर पडलं नव्हतं, टॉवरनं त्याला गो-अराउंड दिला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला सांगितलं, आणि ते रनवेवरूनच चढत गेलं. आमची सगळी आखणी एका क्षणात निकामी झाली. टेकण्याची जागाच नाही, तर तिच्या पुढे उतरायचं कुठे? पूर्ण ताकदीनं चढणाऱ्या विमानानं रनवेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोवरे सोडले होते, आणि ते आता खाली बसत होते.

मी घड्याळ चालू केलं आणि डाउनविंड लांबवत असल्याचं टॉवरला कळवलं. अशा वेळी निदान २ मिनिटं जाऊ द्यायची असतात. आम्ही त्याहून जास्त जाऊ दिली. फायनलवर टॉवरनं उतरायची परवानगी दिली, सोबत वारा सांगितला: डावीकडून, ३ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम साडेपाच किलोमीटर. मी पाय रडरवर (शेपटीच्या सुकाणूच्या पेडलवर) आणि हात थ्रॉटलजवळ (इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या दांड्याजवळ) आणून ठेवला.

साधारण ४० फुटांवर उजवा पंख खाली गेला. झोताचा धक्का लागतो तसा नाही; धक्का लागून सुटतो, हे सुटलं नाही. तिनं योक (विमानाचं स्टिअरिंग) पूर्ण डावीकडे नेलं होतं आणि विमान उजवीकडेच कलत होतं. काचेत रनवे तिरका झाला. “आय हॅव कंट्रोल,” म्हणत मी थ्रॉटल पूर्ण पुढे दिलं, योक डावीकडेच धरलं आणि डावा रडर एकदाच, ठामपणे दाबला. रडर इकडून तिकडे हलवायचा नाही, हे मी स्वतःला मनात बजावत होते. सेकंद-दीड सेकंद काहीच झालं नाही. मग अचानक योकला जोर आला, विमान झटक्यात डावीकडे वळलं, मी ते सावरलं आणि वर निघाले.

पुन्हा डाउनविंडला येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, “मॅम, २ मिनिटं तर होऊन गेली होती.”

उतरल्यावर ब्रीफिंग रूममध्ये फळ्यावर मी फक्त रनवे आणि दोन वर्तुळं काढली. जमिनीजवळ आले की भोवरे दोन बाजूंना सरकतात, साधारण २ ते ३ नॉटांनी. वारा नसेल तर दोघेही रनवेवरून निघून जातात. जोराचा असेल तर दोघांनाही वाहून नेतो. डावीकडून ३ नॉट असेल, तर उजवा भोवरा दुप्पट वेगानं जातो आणि डावा, वाऱ्याच्या तोंडावर चालू पाहणारा, जागीच उभा राहतो. रनवेवर. त्यात हवा स्थिर, म्हणजे तो लवकर मोडतही नाही. मागून पाहिलं तर डावा भोवरा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. बाण तिनंच काढला आणि उजवा पंख का गेला ते तिला माझ्याआधी दिसलं.

मग तिला फोर्ट वर्थची घटना सांगितली. ३० मे १९७२, अमेरिकेतला ग्रेटर साउथवेस्ट विमानतळ. डेल्टा या विमान कंपनीचं डीसी-९ वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी उडत होतं. पुढे डीसी-१० टेकून पुन्हा उडालं होतं. टॉवरनं सावध केलं होतं. उतरता उतरता डीसी-९ उजवीकडे कललं, पंखाचं टोक रनवेला लागलं आणि आतले चौघेही गेले. ते विमान आमच्या सेसनाच्या कितीतरी पट मोठं होतं. मोठ्या विमानांच्या मागे किती अंतर ठेवायचं याचे नियम त्यानंतर कडक झाले.

“म्हणजे हे जमिनीजवळच?” तिनं विचारलं. नाही. ७ जानेवारी २०१७ ला अरबी समुद्रावर चॅलेंजर ६०४ हे छोटं जेट ए३८० या महाकाय प्रवासी विमानाच्या १ हजार फूट खालून, समोरासमोर गेलं. अंतर नियमात होतं. थोड्या वेळानं भोवऱ्यानं ते उलथंपालथं केलं आणि सावरेपर्यंत त्याची सुमारे ९ हजार फूट उंची गेली. ते मस्कतला उतरवलं, पण पुन्हा कधी उडालं नाही. मात्र तिथे सावरायला हजारो फूट होते. आमच्याकडे ४० होते.

घटनेचा अहवाल मी त्याच दिवशी दिला. त्यात वाऱ्याचा आकडा मुद्दाम लिहिला, कारण ‘वारा हलका’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला तो दिवस उडायला चांगला होता असंच वाटेल. २ मिनिटं ही किमान वेळ आहे, हमी नव्हे, हे मी आता प्रत्येक मुलाला पहिल्याच सर्किटला, म्हणजे उडून पुन्हा उतरण्याच्या फेरीला, सांगते. समोरच्याचा गो-अराउंड झाला आणि वारा १ ते ५ नॉटांच्या आत असला, तर मी उतरायला जात नाही, आणखी एक सर्किट घेते. इंधनाचा खर्च होतो, होऊ दे.

साडेअकराला वारा ८ नॉटांवर गेला तेव्हा तिनंच पुन्हा उडायला जायचं का विचारलं. गेलो. बेसला, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्याला, वळण्याआधी, टॉवरनं काही सांगायच्या आत, तिनं वारा विचारून घेतला.